आइसलँडमध्ये नळाच्या गरम पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो म्हणे. तिथलं नळाचं पाणी प्यायला चालतं का?

थंड नळाचं पाणी बिनधास्त प्या. गरम नळाचं फक्त आंघोळ-धुण्यासाठी ठेवा. थंड पाणी बहुतेक ठिकाणी झऱ्यांचं, लाव्हाच्या खडकांतून गाळून आलेलं असतं. त्यात सहसा क्लोरीनही घालावं लागत नाही, इतकं ते स्वच्छ असतं. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका, रिकामी बाटली सोबत न्या.

वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा. तिथलं गरम पाणी जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर तापलेलं असतं आणि पाइपांतून घरोघर पोहोचतं. सुमारे ९० टक्के घरं याच उष्णतेवर उबदार राहतात. आपल्या बाथरूममधल्या गीझरचं नावसुद्धा तिथल्या ‘गेसीर’ या उसळत्या झऱ्यावरून आलंय! तो स्वतः आता क्वचितच उसळतो, पण शेजारचा स्ट्रोक्कूर दर काही मिनिटांनी उंच फवारा उडवतो; तो चुकवू नका.

वास सगळीकडे सारखा नसतो, काही गावांत जाणवतही नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा:

- गरम नळ एकदम सोडू नका. पाणी खूपच कढत असू शकतं, मुलं सोबत असतील तर आधी थंड नळ उघडा.
- चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात.

प्यायचं पाणी भरताना थंड नळ थोडा वेळ वाहू द्या, म्हणजे नळीत उरलेलं गरम पाणी निघून जातं.