एचआयव्हीचं सेल्फ टेस्ट किट लोकांना कसं मिळालेलं हवं असतं? माझा अनुभव (लांब उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावात संस्था आहे, एचआयव्ही सेल्फ टेस्टची थोडी किट्स हातात येणार आहेत, आणि ती कुरियरने घरी पाठवायची, मेडिकलमध्ये ठेवायची की पिअर वर्करच्या, म्हणजे त्याच समाजातून आलेल्या कार्यकर्त्याच्या, हातून द्यायची, यातलं लोकांना नक्की काय आवडतं ते तुम्हाला हवंय. मी ११ वर्षं एका ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, काउन्सेलर होतो, नंतर पुण्यात एका टीआय प्रोजेक्टवर, म्हणजे जास्त धोका असलेल्या गटांसाठीच्या प्रकल्पावर, काम केलं, त्यामुळे गाव आणि शहर दोन्ही बघून झालंय. चहा घेऊन बसा, एका ओळीत सांगण्यासारखं नाहीये हे.

आधी आमची फजिती सांगतो. आम्ही पण तुमच्यासारखाच फॉर्म काढला होता, किट कसं हवं म्हणून, आणि बहुतेकांनी बिनदिक्कत "घरपोच" वर टिक केली. आम्ही खूश, लगेच पाकिटं, टेप, लेबलं सगळं आणून ठेवलं. मग प्रत्यक्ष पत्ता विचारायला फोन केले तर तीच मंडळी म्हणायला लागली, सर पत्ता कशाला, तुम्हीच स्टँडवर आणून द्या ना, मी येतो गाडीवर. कारण काय, तर घरी पार्सल आलं की ज्याचा हात आधी लागेल तो फोडतो! आई फोडते, वहिनी फोडते, पुतण्या तर पहिला. "घरपोच" वर टिक करताना त्यांच्या डोक्यात होतं की मला कुठे जावं लागू नये, आणि पत्ता द्यायची वेळ आली तेव्हा डोक्यात आलं की घरात कोण कोण असतं. तेव्हापासून मी फॉर्मवर फार भरवसा ठेवत नाही. माणसाला "कसं हवं" विचारण्यापेक्षा "घरी पार्सल कोण घेतं" असं विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं.

आणि सगळ्याच मार्गांचं तसं आहे. माणूस मनात एकच हिशोब करत असतो, यात कोणाकोणाला कळणार. अंतर, पैसे, वेळ ही कारणं खोटी नसतात, पण तोंडावर सांगायला सोयीची असतात.

कुरियर शहरात चालतं, तेही ठरावीक लोकांचं. हिंजवडीला पीजीत राहणारा मुलगा, एकट्याने फ्लॅट घेऊन राहणारी नोकरदार बाई, यांना घरपोच एकदम सोयीचं. पण तिथे पण डबा साधा पाहिजे, पाठवणाऱ्याच्या जागी संस्थेचं नाव नको, आणि डिलिव्हरीवाल्याने सोसायटीच्या गेटवरून "मॅडम तुमचं मेडिकल किट आलंय" असं ओरडू नये. हसू नका, आमच्या बाबतीत झालंय, लेबलवर आमच्याच माणसाने तसं लिहिलेलं. पुढे आम्ही नुसतं "ॲक्सेसरीज" लिहायला लागलो.

मेडिकलचं गणित गावात उलटं होतं. तालुक्याला मेडिकलवाला तुमच्या वडिलांना नावाने ओळखतो, कंडोम घ्यायला माणूस शेजारच्या गावी जातो तर हे किट कुठून घेणार! पुण्यात मात्र कोथरूडचा माणूस हडपसरला जाऊन आरामात घेतो. म्हणजे मेडिकल नको असं नाही, ओळखीचं मेडिकल नको. तुम्हाला ठेवायचंच असेल तर एसटी स्टँडजवळचं किंवा हायवेचं बघा जिथे जाणारी-येणारी गर्दी असते. आणि मालकाला आधी बसवून समजावून सांगा, नाहीतर तो काउंटरवरच "कोणासाठी पाहिजे?" असं विचारणार, आणि तिथेच माणूस क्रोसिन घेऊन परत जाणार.

पैशाबद्दल, लोक तोंडाने म्हणतात की शे-दीडशे द्यायला काय हरकत आहे. नका विश्वास ठेवू. मलावी आणि झिंबाब्वेमध्ये तरुण पोरांच्या पसंतीचा रीतसर अभ्यास झाला होता, त्यांच्यापुढे वेगवेगळे पर्याय ठेवून निवड करायला लावायची पद्धत असते तसा, तर त्यात किमतीने लोक मागे हटतात हे स्पष्ट दिसलं. आपल्याकडे तर आयसीटीसीत टेस्ट फुकट आहे, मग किटला पैसे घेतले की जो आधीच चार वेळा विचार करून आलाय तो पाचव्यांदा करतो. किंमत ठेवायचीच असेल तर शहरातल्या ऑनलाइनवाल्यांना ठेवा, ते उलट पैसे देऊन निनावी राहायला तयार असतात.

आता पिअर वर्कर. टीआयमध्ये हेच आपलं बळ आहे, हॉटस्पॉटवर, म्हणजे हे लोक जिथे भेटतात त्या जागी, रोजचं येणंजाणं, ओळख, विश्वास, सीबीएसला (वस्तीत जाऊन करायच्या तपासणीला) बोटाला टोचून जागेवर टेस्ट करायची सवयपण आहे. ज्या बायका धंद्यात उघडपणे आहेत किंवा जे एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष), हिजडा समाजातले लोक संस्थेत येतात त्यांना पिअरच्याच हातून हवं असतं, कारण पिअरला त्यांचं सगळं आधीच माहीत आहे, नवीन काही कळणार नाहीये. पण ज्याचं लग्न झालंय, जो फक्त ॲपवरून भेटतो, हॉटस्पॉटवर कधी फिरकत नाही, त्याला पिअर म्हणजे सगळ्यात मोठी भीती. "तो आमच्यातलाच आहे, उद्या भांडण झालं तर सगळीकडे सांगेल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. या माणसाला अनोळखी माणूस हवा असतो, तोही शक्यतो व्हॉट्सॲपवर, लिहून, फोन न करता. त्याला तुमची संस्था दिसलीच नाही तर बरं वाटतं. आणि माझ्या मते सेल्फ टेस्टिंगचा खरा फायदा याच माणसाला आहे, कारण बाकीचे कसेही आपल्यापर्यंत पोचतातच. देशात एचआयव्हीसह जगणारे २५ लाखांच्या वर आहेत, राज्यांमध्ये संख्येने महाराष्ट्र सगळ्यात वर, आणि साधारण पाचातल्या एकाला आपली लागण माहीतच नाही असा सरकारी अंदाज आहे. तो पाचवा बहुतेक वेळा हॉटस्पॉटवर सापडणारा नसतो.

बायकांचं वेगळं लिहितो कारण ते कोणी विचारात घेत नाही. गरोदरपणात बाईची टेस्ट एएनसीत, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीत, होऊन जाते, नवरा येत नाही, दहा निरोप दिले तरी येत नाही. केनियात किसुमूला यावर एक चांगला अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. दवाखान्यात आलेल्या बायकांच्याच हातात नवऱ्यासाठी किट दिलं, आणि दुसऱ्या गटात नुसती नवऱ्याला बोलवायची चिठ्ठी दिली. किटवाल्या गटात जवळपास ९१ टक्के बायकांच्या जोडीदारांनी टेस्ट केली, चिठ्ठीवाल्यात ५२ च्या आसपास. आकडा मोह पाडणारा आहे, मलाही पाडला होता. पण आपल्याकडे सरसकट करू नका. बाईला एकटीला, सासू बाहेर बसलेली असताना, विचारा की हे घरी नेलं तर काय होईल. काही जणी हसून "करतील की, माझ्यासमोर करतील" म्हणतात, त्यांना द्या. काही जणी नुसत्या गप्प होतात. त्यांना देऊ नका, परत विचारूही नका.

आणखी एक पसंती कागदावर नीट येत नाही ती म्हणजे मदत हवी की नको. फॉर्मवर दोन चौकोन असतात, "स्वतः" आणि "मदतीने". लोकांना मधलं हवं असतं. आमच्या ड्रॉप-इन सेंटरला, म्हणजे लोक सहज येऊन बसतात त्या जागेत, एक जण म्हणाला होता, "तुम्ही दाराबाहेर बसा, मी आत करतो, हाक मारली तर या". हाक मारली नाही त्याने, पण वीस मिनिटांत तीनदा दार किलकिलं करून मी आहे का बघितलं. तुमच्याकडे एक छोटी खोली असेल, कडी लागणारी, तर ती कुरियरच्या खर्चापेक्षा जास्त कामाला येईल.

किट तोंडातल्या ओलाव्याचं की रक्ताचं, हे पण विचारतील. सुई नाही म्हणून तोंडातलं आवडतं, आणि सुई नाही म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही, अशी गंमत आहे. हमखास प्रश्न येतो, "सर तुम्हीच सांगता थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही, मग थुंकीत सापडतो कसा?" याचं उत्तर पिअरना पाठ करून ठेवा. किट व्हायरस शोधत नाही, शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी शोधतं, आणि ती हिरड्यांच्या कडेच्या ओलाव्यात उतरते, म्हणून तर वरच्या आणि खालच्या हिरडीवरून पट्टी एकेकदाच फिरवायची असते. आपल्या सेवाग्रामला तर प्रसूतीच्या वेळी आलेल्या बायकांची तोंडातल्या ओलाव्यावर चोवीस तास रॅपिड टेस्ट करून बघितली होती, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, म्हणजे महाराष्ट्राला हे अगदी काल आलेलं नाही. अमेरिकेत ओराक्विक हे तोंडातलं किट घरी करायला मंजूर झालं २०१२ ला, जागतिक आरोग्य संघटनेने सेल्फ टेस्टिंगची शिफारस केली २०१६ ला.

पण मर्यादा लपवू नका. अमेरिकेत मंजुरीच्या वेळच्या आकड्यांनुसार लोकांनी घरी स्वतः केल्यावर ओराक्विक लागण असलेल्या साधारण १२ जणांत एकाला चुकून निगेटिव्ह दाखवू शकतं. तीन महिन्यांच्या आतला प्रसंग असेल तर निगेटिव्हवर विसंबता येत नाही. काल रात्री काही झालं आणि आज किट मागतोय अशा माणसाला किट देऊन पाठवणं म्हणजे त्याचं नुकसान, त्याला ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे लागण टाळायच्या गोळ्या, मिळायला पाहिजे, सरळ सरकारी दवाखान्यात घेऊन जा. आणि रेषा कागदावर दिलेल्या वेळेतच बघायची, ओराक्विक असेल तर २० ते ४० मिनिटं. एकाने रात्री करून ठेवलं आणि सकाळी उठून परत बघितलं, पुसट रेषा दिसली, पार घाबरून गेला बिचारा. आयसीटीसीत निगेटिव्ह निघाला.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, चालू असलेल्यांना तर हे किट अजिबात देऊ नका. आमच्याकडे एक जण दुसऱ्याच्या नावाने घेऊन गेला, गोळ्या नीट चालू होत्या, किट निगेटिव्ह आलं, याने घरी पेढे वाटले आणि गोळ्या बंद केल्या. औषधावर असताना असं चुकीचं निगेटिव्ह येऊ शकतं हे देताना तोंडी सांगा, चिठ्ठी कोणी वाचत नाही. त्याला परत गोळ्यांवर आणायला आम्हाला चार महिने लागले.

किट रिॲक्टिव्ह आलं, म्हणजे लागण असू शकते असं दिसलं, तर पुढे काय, इथे लोकांची पसंती अगदी ठाम असते आणि ती अशी की आपल्या तालुक्याची आयसीटीसी नको, तिथला लॅबवाला ओळखीचा आहे. हट्ट करू नका. कुठल्याही आयसीटीसीत जाता येतं, तपासणी फुकट, तीन वेगवेगळ्या टेस्ट करून मगच पॉझिटिव्ह म्हणतात, तोपर्यंत "रिॲक्टिव्ह" हाच शब्द वापरा, पिअरच्या तोंडातून दुसरा शब्द निघायला नको. शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या काउन्सेलरचे नंबर आधीच घेऊन ठेवा, आणि कोणी बरोबर चल म्हणालं तर एसटीने बरोबर जा. रात्री अपरात्री बोलायचं असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन आहेच.

रिझल्टचा फोटो मागू नका. रिपोर्टिंगला बरा वाटतो, पण घरातला फोन बायको बघते, पोरं बघतात, गॅलरीतून तो फोटो कुठे जाईल सांगता येत नाही. आम्ही दोन दिवसांनी एकच मेसेज टाकायचो, "झालं का काम?" ज्याला सांगायचंय तो सांगतो. आधार, पूर्ण नाव, सही असलं काही घेतलं तर अर्धे लोक दारातूनच परत जातील. आणि कोणी मुलीकडचे लोक किंवा एखादा कंत्राटदार येऊन दहा किट्स मागायला लागला, मुलाची नाहीतर कामगारांची टेस्ट करून घ्यायचीय म्हणून, तर सरळ नाही म्हणा. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, ज्याची टेस्ट त्याची संमती लागते, आणि नोकरीसाठी टेस्टची अटच घालता येत नाही.

माझ्या हातात तुमच्याइतकीच थोडी किट्स असती तर अर्धी मी त्या कडी लागणाऱ्या खोलीसाठी ठेवली असती, उरलेल्यातली बरीच व्हॉट्सॲपवर मागणाऱ्या, स्टँडवर येऊन घेऊन जाणाऱ्या लोकांसाठी, थोडी पिअरकडे. कुरियर ज्याने स्वतःहून मागितलं त्यालाच. मेडिकल पहिल्या वर्षी सोडूनच दिलं असतं.

हां, एक राहिलं. वापरलेलं किट टाकायचं कुठे, हे लोक देतानाच विचारतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं. घरातली कचऱ्याची बादली कोणीतरी उचलतंच ना. एकाने चार दिवस गाडीच्या डिकीत घेऊन फिरवलं होतं, शेवटी आमच्याकडेच आणून दिलं. किटबरोबर एक काळी झिपची पिशवी द्या आणि खोलीच्या बाहेर झाकणाचा डबा ठेवा, कोणी काही न विचारता टाकून जाईल असा. आमचा डबा पहिल्या महिन्यातच दोनदा रिकामा करायला लागला.