दूरदर्शनवरची जुनी ‘व्योमकेश बक्षी’ मालिका आजही लोक एवढ्या ओढीने का पाहतात?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पहिला भाग पाहिला, कामं चांगली वाटली, पण माणसं नुसती बसून बोलत राहतात आणि गोष्ट हलत नाही. पुढे विचारलंय की मग हे सगळं कौतुक लहानपणीच्या आठवणींपोटी चाललंय का. मला तसं वाटत नाही. माणसं बसून बोलतात, आणि त्या बोलण्यातच खुनी सापडतो. या मालिकेची सगळी जादू तिथे आहे. मी ती ज्या परिस्थितीत पहिल्यांदा पाहिली, त्यामुळे मला हे जरा लवकर कळलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. १९९३ साली मालिका लागली तेव्हा गावात टीव्ही मोजकेच, आणि लाइटचा भरवसा नाही. आमच्या ओसरीतला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. अँटेना घराच्या धाब्यावर, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. गुप्तहेर व्योमकेश झालेल्या रजित कपूरचा चेहरा कधी अर्धा दिसायचा, कधी दिसायचाच नाही. आवाज मात्र साफ यायचा. तेवढ्यावर ओसरीतल्या सगळ्यांना गोष्ट समजायची, कोण काय बोललं ते दुसऱ्या दिवशी कापूस वेचतानाही बायांना आठवायचं. मालिका हिंदीत होती, पण आमच्याकडे हिंदी कानाला परकी नाही. विदर्भ १९५६ पर्यंत मध्यप्रदेशातच होता, बाजारात आणि कचेरीत ती भाषा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

चित्र धड दिसत नसताना खुनाची गोष्ट पूर्ण कळते, याचा अर्थ ती लिहिणाऱ्याने आणि दाखवणाऱ्याने बोलण्यावर किती मेहनत घेतली असेल ते बघा. दिग्दर्शक बासू चॅटर्जी. मध्यमवर्गी घरातल्या साध्या माणसांचे सिनेमे करणारा माणूस. प्रिया तेंडुलकरची ‘रजनी’ही त्यांचीच. त्यांनी खुनाची गोष्टही त्याच हाताने केली. कॅमेरा पळत नाही, संगीत दचकवत नाही. कोणी जबानी देत असेल तर ती पूर्ण होऊ देतात, आणि मधेच ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात. रजित कपूरचं ऐकणं पाहण्यासारखं आहे. समोरचा खोटं बोलला तरी तो भुवई उडवत नाही. नंतर, बऱ्याच वेळाने, एक बारकासा प्रश्न विचारतो, आणि तेव्हा आपल्याला कळतं की मघाचं वाक्य त्याने जपून ठेवलं होतं. के. के. रैनांचा अजित, म्हणजे व्योमकेशचा मित्र, त्याच्या बाजूला बसून आपल्याइतकंच ऐकतो आणि आपल्याइतकाच गोंधळतो. व्योमकेशची बायको सत्यवती झालेली सुकन्या कुलकर्णी तर आपलीच, मराठी.

आता ‘मकडी का रस’ या भागाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. एक आजारी, तोंडाने फटकळ म्हातारा आहे. त्याला कोळी या किड्याच्या रसाची नशा लागली आहे. घरच्यांनी सगळं बंद केलंय, खोलीवर पहारा आहे, येणारंजाणारं तपासलं जातं, तरी म्हाताऱ्याला रोज नशा मिळतेच. ती येते कुठून? व्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून तो अजितला पाठवतो. अजित तिथे जाऊन सगळं पाहून येतो आणि त्याला सांगतो, आणि व्योमकेश आरामात बसून ते ऐकतो. बस. तेवढ्यावरून तो ओळखतो.

आमच्या ओसरीत नेमक्या या भागाला, व्योमकेश उत्तर सांगणार त्या वेळेलाच बॅटरी उतरली. पडदा बारीक होत गेला आणि आवाजही गेला. कोणी उठलं नाही. पोरं म्हणू लागली डॉक्टरच आणून देत असन, कोणी म्हणे नोकर. ओसरीत अशा काही बाया होत्या, ज्यांच्या घरी दारूपायी रोज झडती चालायची. शिशी कुठे कुठे लपवतात हे त्यांच्याइतकं पोलिसांनाही ठाऊक नसेल. त्यातली एक मोठ्या वयाची काकू इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “घरचेच लोकं त्याच्या हातात देऊन राह्यले असतीन, त्याईले मालूम नसन. तो काय काय मांगते, थे पाहा ना!”

तिने जे बोट ठेवलं होतं ते बरोबर जागी होतं. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून एसटीने आलेल्या पाहुण्याने, ज्याच्या घरी लाइट होती, शेवट सांगितला तेव्हा तो मी तिला जाऊन सांगितला. तिला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. तुमच्यासाठी तो शेवट मी इथे फोडत नाही. पण मुद्दा लक्षात घ्या: शाळेची पायरी न चढलेली बाई बोलणं ऐकून ते कोडं सोडवू शकली, कारण सोडवायला लागणारं सगळं तिच्यासमोर मांडलं होतं. लेखकाने काही चोरून ठेवलं नव्हतं. शेवटच्या दोन मिनिटांत कुठला जुळा भाऊ किंवा प्रयोगशाळेचा कागद निघत नाही. बघणाऱ्याशी असा प्रामाणिक व्यवहार करणारी रहस्यकथा मला फार थोडी सापडली आहे, आणि मी ती शोधत असतो.

दुसरी गोष्ट. गावातल्या लोकांना खुनाची, संशयास्पद मरणाची चौकशी काय असते हे शहरातल्या माणसापेक्षा जास्त जवळून माहीत असतं. विहिरीत कोणी सापडलं, कोणी फवारणीचं औषध प्यायलं, की पोलीस पाटील आधी ठाण्याला खबर देतो. मग जमादार येतो आणि पंचनामा होतो. तो कायद्याप्रमाणे शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करायचा असतो, म्हणजे गावातल्याच कुणीतरी त्या कागदावर सही करायची. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, पोलीस पाटील होते. टीव्हीसमोर त्यांची खाट ठरलेली. व्योमकेश एखाद्या खोलीत शिरला की ते पुढे वाकून म्हणायचे, “लोकाईचे पाय पडाच्या आंधी तिथं कोन आलतं, थे विचार पहिले.” आणि बहुतेक वेळा व्योमकेश तेच विचारायचा. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी विसरत नाही. त्यांना हा हीरो वाटत नव्हता, आपल्याच धंद्यातला हुशार माणूस वाटत होता. धोतर नेसणारा, पिस्तूल न नाचवणारा, दारात चपला काढून घरात जाणारा.

‘रास्ते का काँटा’ पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा, कारण यात मी शस्त्र सांगणार आहे. खुनी सांगणार नाही. कलकत्त्याच्या रस्त्यावर चालता चालता माणसं मरतात. छातीत ग्रामोफोनची पिन सापडते, गोळीचा आवाज कुणी ऐकलेला नाही. एक जण वाचतो तो खिशातल्या घड्याळामुळे. आणि पिन सुटते कुठून, तर सायकलच्या घंटीतून. ज्या गावात दुधापासून पोस्टापर्यंत सगळं सायकलवर येतं, तिथे हे कळल्यावर काय झालं असेल! कित्येक दिवस पोरं मोठ्या माणसांच्या मागून सायकल आणायची, टण् टण् वाजवायची आणि ओरडायची, “गेले!” गोष्टीत घंटीचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, फक्त तो आवाज आहे म्हणून कुणी मोजला नव्हता. व्योमकेशच्या मूळ बंगाली गोष्टी लिहिणाऱ्या शरदिंदू बंद्योपाध्यायांनी ही युक्ती १९३२ साली लिहिली. खुनाचं हत्यार घरातल्या, रस्त्यातल्या साध्या वस्तूत दडवायचं हा त्यांचा हातखंडा.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल गेलेला भाग ‘वसीयत’. करालीबाबू नावाचा पैसेवाला, एकटा म्हातारा. घरात त्याने वाढवलेली नात्यातली पोरं. कुणावर राग आला की मृत्युपत्र बदलायचं, ही त्याची सवय. आज एकाच्या नावावर, उद्या दुसऱ्याच्या. आणि एका सकाळी तो मेलेला सापडतो. हे पाहताना आमच्या ओसरीत जी शांतता होती ती आधी कधी नव्हती. कारण शेताची वाटणी, सातबाऱ्यावरचं नाव, म्हाताऱ्याचा आंगठा कुणी कुठे घेतला, या गोष्टी आमच्याकडे कुणाच्याच घरात नवीन नाहीत. खून कुणाचा होत नाही, देवाची कृपा. पण दोन भाऊ एका बांधावरून वीस वर्षं कोर्टात भांडतात आणि एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, हे आम्ही पाहिलेलं आहे. त्या भागात कलकत्त्याच्या घरात जे चाललं होतं ते आम्हाला समजावून सांगायची गरज पडली नाही. जो माणूस रोज तुमच्यासोबत जेवायला बसतो त्याच्या मनात काय साठलंय, हीच त्या गोष्टीतली भीती. मला वाटतं, खुनाच्या चांगल्या गोष्टीला याहून मोठी भीती लागतही नाही.

व्योमकेश आपला वाटण्यामागे आणखी एक धागा आहे, तो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतो म्हणून सांगतो. शरदिंदू १९३८ साली सिनेमांच्या कथा लिहायला मुंबईला आले, आणि पुढे पुण्यात घर करून राहिले. व्योमकेशच्या नंतरच्या कितीतरी गोष्टी त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. शिवाजी महाराजांच्या काळातला सदाशिव नावाचा पोरगा घेऊन त्यांनी मुलांसाठी बंगालीत गोष्टीही लिहिल्या. कलकत्त्याच्या गल्लीबोळातला हा सत्यान्वेषी, म्हणजे सत्य शोधणारा, मराठी मुलखात बराच काळ वाढला आहे, हे मला फार आवडतं.

आता दोष. आहेत, आणि तुम्ही पाहिलेत ते खरेच आहेत. सेट हा सेट आहे हे दिसतं. छोट्या भूमिकांमधली काही माणसं पाठ केल्यासारखं बोलतात. १९९७ साली आलेल्या दुसऱ्या पर्वातल्या काही गोष्टी मला ताणल्यासारख्या वाटतात. पहिल्यातला आटोपशीरपणा तिथे सगळीकडे राहिलेला नाही. बायकांना, सत्यवती सोडली तर, करायला फार काही नाही. ‘सी.आय.डी.’सारख्या मालिकेवर वाढलेल्या माणसाला इथे दार तोडणं, धावपळ, प्रयोगशाळा यातलं काही मिळणार नाही. शिवाजी साटमांचा प्रद्युम्न मलाही आवडतो. पण त्याचा भाग संपला की मला गोष्ट आठवत नाही, तोच आठवतो. व्योमकेशच्या बाबतीत खुनीसुद्धा आठवतो. त्याने असं का केलं असेल याचा विचार दोन दिवस डोक्यात राहतो. काही गोष्टींत तर व्योमकेश सत्य शोधून काढतो आणि पुढे ते पोलिसांकडे द्यायचं की नाही हे स्वतः ठरवतो. त्यावर आमच्या मोठ्या बाबांचा आणि माझ्या वडिलांचा वाद व्हायचा. मोठे बाबा म्हणायचे ठाण्याला कळवायलाच पाहिजे. वडील म्हणायचे, कळवून मेलेला परत येते का? तो वाद मिटला नाही.

नुसत्या आठवणींचं प्रेम असतं तर २०२० साली जे झालं ते झालं नसतं. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. गावात अडकलेली पुण्या-नागपूरची पोरं, ज्यांचा १९९३ मध्ये जन्मही नव्हता, पहिल्या दिवशी आमच्या आग्रहाने बसली. माझा पुतण्या मोबाइल हातात घेऊनच बसला होता. ‘वसीयत’च्या वेळी त्याने तो पालथा ठेवला, आणि मधेच मला म्हणाला, “काका, थांबवता येत नाही का? मले आधी विचार करू द्या.” टीव्हीवरचं थांबवता येत नव्हतं. पण विचार करायला वेळ मागावासा वाटला, याहून मोठी पावती मी या मालिकेला देऊ शकत नाही.

तर तुम्हाला सल्ला एवढाच. पहिल्या भागात खूप माणसांची ओळख एकदम होते, मेसमधला, म्हणजे राहण्या-जेवणाच्या खानावळीतला, एकेक जण लक्षात ठेवावा लागतो, त्यामुळे तो जड वाटणं साहजिक आहे. दुसऱ्यांदा पाहा असं म्हणत नाही. सरळ ‘मकडी का रस’ लावा. वेग वाढवू नका, दीडपट वेगात रजित कपूरचं थांबणं नाहीसं होतं आणि मग खरंच काही उरत नाही. कानाला हेडफोन लावा, जुन्या चित्रफितीचा आवाज कुठे कुठे खोल जातो. शक्य असेल तर घरातल्या कुणा वयस्क माणसाला सोबत बसवा. अजित परत येऊन सांगायला लागला की त्याचं प्रत्येक वाक्य नीट ऐका, आणि व्योमकेश बोलायच्या आधी थांबवून तुमचा संशय कागदावर लिहा. त्यानंतर ‘रास्ते का काँटा’, आणि मन स्वस्थ असेल त्या दिवशी ‘वसीयत’. करालीबाबूच्या घरातला कोण तुम्हाला आधी खटकला, ते खाली प्रतिक्रियेत जरूर लिहा; ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी नाव मात्र पूर्ण लिहू नका.