व्हीसेंटर ५.५ चा डेटाबेस हलवताना

अरे घाबरू नकोस, व्हीसेंटर (व्हीएमवेअरचे सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारा प्रोग्राम) बंद असलं तरी होस्टवरच्या, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या, व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालूच राहतात. ५.५ सोबत येणाऱ्या एसक्यूएल एक्सप्रेसची (मायक्रोसॉफ्टचा फुकट, छोटा डेटाबेस) १० जीबीची मर्यादा भरत आली की डेटाबेस मोठ्या एसक्यूएल सर्व्हरवर हलवावाच लागतो.

१) आधी व्हीसेंटरची सर्व्हिस बंद, मगच बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर ठेव.
२) डीएसएन (डेटाबेस कुठे आहे ते व्हीसेंटरला सांगणारी विंडोजमधली नोंद) ६४ बिटचा आणि सिस्टम डीएसएनच, म्हणजे अख्ख्या मशीनसाठीचा, बनव. मी रत्नागिरीत पहिल्यांदा यूजर डीएसएन (फक्त एका यूजरपुरता) केला, टेस्ट कनेक्शन मस्त पास, पण सर्व्हिस काही उठेना, अख्खी दुपार त्यात गेली.
३) व्हीसेंटर रिइन्स्टॉल करताना इन्स्टॉलर जुना डेटाबेस ठेवू की पुसू विचारतो, तिथे घाईत 'पुसू' वर क्लिक केलंस तर सगळी इन्व्हेंटरी (होस्ट आणि व्हीएमची नोंद) साफ.

रोलअप जॉब्सचं (जुनी आकडेवारी गोळा करून आटोपशीर करणारी डेटाबेसमधली ठरलेली कामं) नंतर बघू. आणि भर पावसात हे काढू नकोस बाबा, रिस्टोअर (बॅकअप नव्या जागी परत भरणं) अर्ध्यावर असताना लाईट जाते.