राउटरवर डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) लावल्यापासून जुना प्रिंटर वायफायला जोडला जात नाही. सुरक्षा कमी करावी का?

सगळ्या घराची सुरक्षा एका प्रिंटरसाठी उतरवू नका. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये. त्याआधीच्या बहुतेक उपकरणांना ते कळतच नाही, त्यामुळे प्रिंटर बिघडलेला नाही.

आधी राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा, म्हणजे आधीची आणि नवी पद्धत दोन्ही चालणारा, मिश्र पर्याय निवडून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. काही जुनी उपकरणं मात्र मिश्र नेटवर्कवरही अडखळतात. मग गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, सुरू करा, त्याला २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ एईएस (एईएस म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याची पद्धत) ठेवा, पासवर्ड वेगळा आणि लांबलचक द्या, आणि फक्त जुनी उपकरणं तिथं जोडा. मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो. एक अडचण येईल: गेस्टवरचा प्रिंटर मुख्य नेटवर्कवरच्या लॅपटॉपला सहसा दिसत नाही. छापण्यापुरता लॅपटॉप गेस्टवर नेऊन बघा, किंवा प्रिंटर यूएसबी केबलनं जोडा.

डब्ल्यूईपी या वायफायच्या सर्वांत जुन्या सुरक्षेवर मात्र कधीही जाऊ नका, ते २००१ मध्येच फुटलं. आज काही मिनिटांत उघडतं. टीकेआयपी (एईएसच्या आधीची जुनी पद्धत) हीसुद्धा टाळा, त्यानं वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो.