हातावर बसतो पण शब्दावर नाही, म्हणजे हट्टी नव्हे

हात वर केला की तुमचा कुत्रा पटकन बसतो, पण हात खिशात ठेवून ‘बस’ म्हटलं तर नुसता तोंडाकडे बघतो, आणि घरचे त्याला हट्टी म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या कुत्रीचं अगदी हेच होतं. हट्ट वगैरे काही नाही. त्याला तो शब्द अजून येतच नाही.

कुत्री आधी माणसाच्या अंगाच्या हालचाली वाचतात, शब्द नंतर. दोन्ही एकदम दिलं की त्यांचं काम खुणेवरच भागतं. ठळक संकेतामागे फिका संकेत झाकला जातो, हे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हनेही नोंदवलंय.

आम्ही तिला जिथे शिकवायला नेत होतो तिथे मात्र ‘शब्द आणि हात एकदम, आवाज खणखणीत’ हाच मंत्र. शब्द लागत नाही म्हटलं, तर म्हणे आवाज चढवा. तरी नाही, तर कंबर दाबून बसवा. शेवटी तिच्या पाठीमागे हात गेला तरी ती अंग चोरायची. तक्रार केली तर ‘मालकच ठाम नाहीत’, आणि फी आधीच भरलेली! ती भीती घालवायला शब्द शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. दाबून बसवा म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द आणि खूण यांचा क्रम तेवढा बदला. आधी शब्द, एकदाच. मग सेकंदभर थांबा आणि त्यानंतर खूण. बसला की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. हळूहळू तो खुणेची वाट न बघता मधल्या सेकंदातच बसू लागेल. तेव्हा खाऊ द्यायला कंजुषी करू नका.

अवघड आहे ते त्या सेकंदात पुतळा होणं. मान झुकते, खांदा हलतो, हात खाऊच्या पिशवीकडे जातो, आणि तो नेमकं तेच वाचतो. स्वतःचा व्हिडिओ काढून बघा, हसाल. आणि ‘बस, बस, अरे बस ना’ बंद. नाहीतर तो तिसऱ्या ‘बस’लाच बसायला शिकेल.

मी काही ट्रेनर नाही, एवढं धरून चाला. मागून आवाज दिला तरी कान हलत नसतील तर आधी पशुवैद्याला दाखवा. आणि शब्द पक्का झाला तरी खूण सोडू नका. म्हातारपणी अनेक कुत्र्यांचं ऐकणं कमी होतं, तेव्हा हातच कामाला येतो.