एजंट म्हणतो ‘परत लक्ष्मीच’, घरचे म्हणतात गोळ्या घे

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. साडेतीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मला चार वर्षांची मुलगी आहे, आता दुसऱ्यांदा दिवस गेले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शेवटची पाळी आली होती. दिवाळीआधी तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये तपासणी झाली, सात आठवडे सांगितले. तिथे एका फॉर्मवर माझी सही घेतली. कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री मालक आणि सासूबाई मला एका माणसाच्या गाडीतून शेतातल्या घरी घेऊन गेले. तिथे लॅपटॉपएवढ्या मशीनवर पोट पाहिलं, कागद काही दिला नाही. बाहेर येऊन तो माणूस म्हणाला, ‘परत लक्ष्मीच हाय.’ १८ हजार घेतले. आता १२ हजारांत गोळ्या आणून देतो म्हणतो. मले पोरगा पायजे का पोरगी, हे कोनी इचारलंच नाही. मला हे मूल ठेवायचं आहे. नाही म्हटलं तर माहेरी पाठवून देऊ म्हणतात. मीही तिथे गेले, मग मलाही जेल होईल का? मालकाला जेल न होता हे थांबवता येईल का?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचे बोलू. त्या घेऊ नका. घरात आणून ठेवल्या असतील तर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून आईला किंवा भावाला पाठवा. गर्भपाताच्या गोळ्यांना शेवटच्या पाळीपासून ६३ दिवसांपर्यंत, म्हणजे नऊ आठवड्यांपर्यंत मान्यता आहे, आणि त्याही डॉक्टरने तपासून लिहून दिल्या तरच. तान्ह्या पोळ्यापासून मोजा. एकादशीच्या आदल्या रात्री तुम्हाला ६८ दिवस झाले होते. त्या माणसाने मशीन लावले तेव्हाच गोळ्यांची मुदत टळून गेली होती. मुदतीनंतर घेतलेल्या गोळ्यांनी गर्भ अर्धवट पडण्याचा, काही भाग आत अडकून रक्त न थांबण्याचा धोका वाढतो, आणि खेड्यात अशा वेळी ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा रस्ताच जिवावर बेततो. तुमच्या नकळत गोळ्या पोटात गेल्याच, आणि तासाला दोन मोठे पॅड भिजणे सलग दोन तास चालले, किंवा ताप, घेरी आली, तर कोणाची वाट न पाहता १०८ लावा. दवाखान्यात गोळीचे खरे सांगा. जबरदस्तीने किंवा फसवून दिलेल्या गोळीसाठी बाई गुन्हेगार ठरत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या मालकांना शांतपणे वाचून दाखवा. ६८ दिवस म्हणजे नऊ आठवडे आणि पाच दिवस. या वयात गर्भाच्या मांड्यांमध्ये एक बारीक उंचवटा असतो, आणि तो मुलाचा असो की मुलीचा, अगदी सारखाच दिसतो. तो उंचवटा वर वळतो की सपाट राहतो, याचा अंदाज अकराव्या आठवड्यानंतर कुठे सुरू होतो, तोही बराच चुकतो. बारा-तेरा आठवड्यांपूर्वी सोनोग्राफीवर भरवसा ठेवण्यासारखे काहीच नसते, मशीन लाखाचे असो की पन्नास लाखांचे. नाळ उजवीकडे असली की मुलगा, ठोके १४० च्या वर गेले की मुलगी, या गोष्टींनाही आधार नाही. म्हणजे त्या माणसाला त्या रात्री काही दिसणे शक्यच नव्हते. तरी तो ‘मुलगी’ का म्हणाला? मुलगा म्हटले असते तर धंदा १८ हजारांवर थांबला असता, आणि सहा-सात महिन्यांनी खोटे उघडे पडले असते. मुलगी म्हटले की आणखी १२ हजार मिळतात, आणि गर्भ पडला की त्याचे खरे-खोटे पाहायला काही उरत नाही. माझे स्पष्ट मत आहे की त्याने अंदाज विकला आहे आणि तो अंदाज तुमच्या जिवावर वसूल करतो आहे.

पण निदान खोटे होते म्हणून गुन्हा झाला नाही, असे समजू नका. महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये केला, देशाचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून तो आणखी कडक झाला. त्याच्या कलम ६ मध्ये लिंग जाणून घेण्याच्या हेतूने तपासणी करण्यालाच बंदी आहे. उत्तर बरोबर आले की चूक, याने फरक पडत नाही. ‘लक्ष्मी’ म्हणणे, पेढा-जिलेबीची खूण करणे, बोट दाखवणे, सगळे कलम ५ मध्ये येते, कारण तिथे शब्द, खुणा ‘किंवा अन्य कोणत्याही रीतीने’ असे म्हटले आहे. शिवाय नोंदणी नसलेल्या जागी अशी तपासणी करताच येत नाही. हातात नेण्याजोगे मशीनसुद्धा नोंदणी असलेल्या रुग्णालयाच्या आतच, तिथे दाखल रुग्णांसाठी, किंवा नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. शेतातल्या घरी ते चालवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आता तुमच्या जेलचा प्रश्न. कलम २३ च्या पोटकलम ३ प्रमाणे जो कोणी लिंगनिवडीसाठी अशा सेंटरची किंवा डॉक्टरची मदत मागतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्यांदा सापडल्यास पाच वर्षे आणि एक लाख. पण लगेच पुढचे पोटकलम ४ सांगते की जिला भाग पाडून नेले त्या बाईला हे लागू नाही. आणि कलम २४ त्याच्याही पुढे जाते. कोर्टाने धरूनच चालायचे की गरोदर बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकाने भाग पाडले. तसे नव्हते, हे सिद्ध करायचे ओझे समोरच्यावर असते. तुम्ही गाडीत बसलात, आरडाओरडा केला नाही, म्हणून तुम्ही राजी होतात असा अर्थ कायदा काढत नाही. दिवाळीआधी सही केलेल्या फॉर्मचीही भीती काढून टाका. तो ‘एफ’ फॉर्म. त्यात नाव, पाळीची तारीख, आधीची मुले-मुली, तपासणीचे कारण लिहितात आणि ‘मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही’ असे बाईकडून लिहून घेतात. ती सही त्या दिवसाच्या, त्या सेंटरमधल्या तपासणीपुरती होती आणि खरी होती. उलट तोच कागद तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. त्या तारखेला गर्भ सात आठवड्यांचा होता, म्हणून शेतातल्या रात्री तो दहाचाही नव्हता, हे त्यावरून कोणालाही मोजता येईल. सेंटरने अशा नोंदी दोन वर्षे जपायच्या असतात. तरी तुमचा रिपोर्ट माता व बाल संरक्षण कार्डासोबत माहेरी ठेवा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. कलम २४ चा तो धरून चालण्याचा नियम तुम्हाला वाचवतो, तोच तुमच्या मालकांवर आणि सासूबाईंवर उलटतो. हा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि आपसांत मिटवता येत नाही. एकदा केस उभी राहिली की ‘आमचे जमले, आता मागे घेतो’ चालत नाही, आणि मालकांनी स्वतः जाऊन त्या माणसाचे नाव सांगितले म्हणून ते आपोआप मोकळे होत नाहीत. कोर्टात जामीन मिळू शकतो, पण आधीपासून कोणी खात्री देऊ नये. १८ हजार परत मागायचा नादही सोडायला सांगा. बेकायदा कामासाठी दिलेला पैसा कोर्ट वसूल करून देत नाही, आणि तसा अर्ज म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब.

म्हणून मी तुम्हाला दोन वाटा वेगळ्या करायला सांगेन. गर्भ आणि तुमचे घर वाचवणे ही एक. त्या माणसाला पकडून देणे ही दुसरी. पहिली आजच सुरू करायची.

गर्भपाताला फक्त तुमची संमती लागते. नवऱ्याची, सासूची सही कायद्याने लागतही नाही आणि चालतही नाही. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हे १९७१ च्या गर्भपात कायद्यात कुठल्याच आठवड्यात कारण नाही. तुमच्या मनाविरुद्ध गर्भ पाडणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धाकाने काढून घेतलेले ‘हो’ ही संमती धरली जात नाही. हे कलम घरात एकदा मोठ्याने वाचा. घरच्यांच्या मनात ‘सगळेच करतात’ एवढेच असते, शिक्षा किती याचा पत्ता नसतो. गावातल्या आशाताईंना आणि सिस्टरना सांगा की मला हे मूल ठेवायचे आहे, पुढच्या तपासणीच्या तारखा द्या. रजिस्टरवर चालू असलेला गर्भ अचानक ‘पडला’ तर चौकशी होते, हे एजंटालाही माहीत असते. तुमच्या होकाराशिवाय गाडीत बसवू लागले तर ११२.

माहेरी पाठवण्याच्या धमकीवर उपाय कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा, २००५ चा. सासरच्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला कलम १७ देते, घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करायचा. त्यात संरक्षणाचा आदेश, घरातून न काढण्याचा आदेश आणि औषधपाण्याचा खर्च, असे तिन्ही मागायचे. सोबत शपथपत्र देऊन कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश मागा. तो समोरच्याला ऐकण्याआधीही देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कामाच्या गर्दीत उशीर होतो, म्हणून अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात गर्भाचे आठवडे आणि गोळ्यांची गोष्ट ठळक लिहायला सांगा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आणि २० हजारांपर्यंत दंड आहे. वकिलाची फी भरायची गरज नाही. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत साधा अर्ज द्यायचा. संरक्षण अधिकारी कोण, हे पंचायत समितीच्या आवारातल्या बालविकास प्रकल्प कार्यालयात कळते. रात्री घर सोडायची पाळी आली तर १८१ ला फोन करा, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रात काही दिवस राहता येते. माहेरी जावेच लागले तरी अर्ज माहेरच्या तालुक्यातूनही चालतो. हा सगळा मार्ग दिवाणी वळणाचा आहे. तेवढ्याने मालक आत जात नाहीत, त्यांना फक्त अटकाव होतो.

दुसरी वाट. लिंगनिदानाची तक्रार पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात नेण्यापेक्षा समुचित प्राधिकाऱ्याकडे नेतात. जिल्ह्यात ते जिल्हा शल्यचिकित्सक, तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. टोल फ्री १८००-२३३-४४७५ वर नाव न सांगताही माहिती देता येते. लिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियम १८ अ प्रमाणे तक्रार आल्यापासून २४ तासांत तपास सुरू करायचा आणि ४८ तासांत पुरा करायचा असतो. इथे लोक हमखास चूक करतात. ‘अमक्या गावात धंदा चालतो’ एवढेच सांगतात, आणि पथक पोचेपर्यंत मशीन डिकीत टाकून निघून गेलेले असते. उपयोगाची माहिती म्हणजे एजंटाचा मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, फाट्यापासून ते घर किती अंतरावर, कुठल्या वारी मशीन येते, पैसे आधी घेतात की नंतर. त्यावरून अधिकारी दुसऱ्या गरोदर बाईला, तिच्या राजीखुशीने, बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवून सापळा लावू शकतात. त्यात तुमच्या रात्रीची गोष्ट सांगावीच लागत नाही. मात्र त्याचा फोन जप्त झाला आणि त्यात मालकांचे कॉल, पैसे पाठवल्याची नोंद निघाली, तर चौकशी तुमच्या दारी येऊ शकते. हे ठाऊक ठेवूनच ठरवा.

तुम्हाला स्वतःच्या नावाने तक्रार करायची असेल आणि अधिकाऱ्याने हालचाल केली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २८ खाली किमान १५ दिवसांची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने द्यायची. तुम्ही कोर्टात जाणार आहात हे तिच्यात स्पष्ट लिहायचे. मुदत संपली की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट तक्रार दाखल होते. पोचपावती जपा, नोटीस पोचल्याचे दाखवता आले नाही तर तक्रार पहिल्याच तारखेला अडते.

पुराव्याचे काम आज रात्रीच करा, आठवण ताजी आहे तोवर. एका वहीत लिहा : किती वाजता निघालात, कुठल्या फाट्यावर वळलात, घराला टिन होते की स्लॅब, खोलीत कोण होते, मशीन कोणी धरले, ‘लक्ष्मीच हाय’ कोण म्हणाले. खाली तारीख घाला. पैसे फोनवरून गेले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट घ्या. एजंटाचा फोन आला आणि तुम्ही घेतला तर बोलणे रेकॉर्ड करा, पण गोळ्यांना ‘हो’ म्हणू नका. ज्या मोबाइलमध्ये हे आहे तो विकू नका, रीसेट करू नका. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि मूळ फोनच नसेल तर ते देणे अवघड होते.

आणि सोनोग्राफीला घाबरून पुढच्या तपासण्या चुकवू नका. अकरा ते तेरा आठवड्यांची आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी बाळात काही व्यंग आहे का ते पाहण्यासाठी असते, ती कायद्याने मान्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. येत्या ९ तारखेला आईला सोबत घेऊन जा, आणि सेंटरवर ‘एफ’ फॉर्म पुढे आला की वाचून सही करा.