चारशे आयएम सोडायचं म्हणतोयस, त्याआधी हे वाच

बाळा,

परवा रात्री तुझा मेसेज बघितला, सर आता मी फक्त फ्लाय करतो, आयएम नको. चारशे आयएम म्हणजे शंभर-शंभर मीटर बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल, चारी एकाच रेसमध्ये, आणि त्यातला तुला फक्त पहिला हवाय. लगेच उत्तर दिलं नाही कारण दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं ते. रविवारी चारशे आयएमच्या रेसनंतर तू टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसलेलास तेव्हापण मी मुद्दाम जवळ आलो नाही, त्या वेळी कुणी काही बोललेलं कानात जात नाही, हे मला माहीत आहे.

तुझं म्हणणं असं की ब्रेस्टमध्ये तीन पोरं पुढं गेली म्हणजे ब्रेस्टनं घात केला. माझ्या मते रेस गेली ती पहिल्या शंभरात. तू फ्लाय असा मारलास की जणू शंभर मीटरचीच रेस आहे, अख्ख्या बॉडीनं पुढं होतास, गॅलरीत तुझे दोस्त ओरडत होते आणि मी स्टॉपवॉच बघून गप्प झालो. फ्लायमध्ये पाय जाळलेस, बॅकमध्ये किकवरच तग धरलास, मग ब्रेस्टला आलास तेव्हा पायात काही शिल्लकच नव्हतं, आणि ब्रेस्टचा जोर तर बराचसा पायातूनच येतो रे.

तुझ्या ब्रेस्टचं अजून एक आहे. तू पोहायला शिकलास पंचगंगेत, पाठीला डबा बांधून, काकांच्या मागं. नदीत डोकं वर ठेवूनच पोहायचं असतं, समोरचा काठ दिसला पाहिजे, वाहत येणारी फांदी दिसली पाहिजे, ते बरोबरच आहे. पण तीच सवय तू टँकमध्ये आणलीस. श्वास घेताना हनुवटी वर जाते, नजर समोरच्या भिंतीवर, मग कंबर खाली बसते आणि प्रत्येक स्ट्रोकला तू स्वतःच ब्रेक लावतोस. ही ताकदीची कमी नाही, सवय आहे, आणि सवय मोडता येते, वेळ लागतो एवढंच.

आता अमेरिकेच्या मायकल फेल्प्सचं ऐक. चारशे आयएमचा वर्ल्ड रेकॉर्ड त्यानं 2002 साली घेतला आणि 2023 पर्यंत तो त्याच्याच नावावर होता, मध्ये स्वतःच स्वतःचा मोडत गेला, शेवटचा बीजिंगचा, 2008 सालचा, 4:03.84. आणि या माणसाचा चारातला सगळ्यात कच्चा स्ट्रोक कुठला माहितीये? ब्रेस्ट! तरी जवळपास एकवीस वर्षं रेकॉर्ड त्याचाच. त्यानं ब्रेस्ट टाकून दिला नाही, तिथं कमीत कमी मार बसेल इतका तो घासून घेतला.

तो रेकॉर्ड मोडला फ्रान्सच्या लिओं मार्शांनं, जुलै 2023, फुकुओकाची वर्ल्ड चॅम्पियनशिप, 4:02.50. एक सेकंद चौतीस शतांश कमी. फेल्प्स स्वतः तिथं हजर होता, मेडलपण त्यानंच दिलं. आणि कोच कोण, तर बॉब बोमन, ज्यानं फेल्प्सला लहानपणापासून घडवलं तोच. मार्शांची रेस परत लाव आणि या वेळी हात बघू नकोस, भिंती बघ. प्रत्येक टर्ननंतर तो पाण्याखाली किती वेळ राहतो, शेवटच्या पन्नासात, जिथं बाकीच्यांना कधी एकदा वर येऊन श्वास घेतो असं झालेलं असतं, तिथंसुद्धा हा पंधरा मीटरच्या खुणेपर्यंत खालूनच जातो. मला त्या रेसमधलं सगळ्यात जास्त तेच आवडतं.

आणि तुला फक्त एकच स्ट्रोक धरायचाय म्हणून सिंगापूरचं सांगतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्शांनं चार गोल्ड घेतली, दोनशे फ्लाय, दोनशे ब्रेस्ट आणि दोनशे-चारशे दोन्ही आयएम. पुढच्या वर्षी, 2025 ला, सिंगापूरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्यानं दोनशे फ्लाय आणि दोनशे ब्रेस्ट सोडले. ऑलिम्पिक गोल्डचे इव्हेंट सोडले आणि आयएम ठेवले! 30 जुलैला दोनशे आयएमच्या सेमीफायनलमध्येच 1:52.69, नवा वर्ल्ड रेकॉर्ड, आधीचा रायन लॉक्टीचा शांघायचा 1:54.00 चौदा वर्षं कुणाला हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी फायनलला 1:53.68, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा जवळजवळ सेकंदभर जास्त, आणि तरी गोल्ड. टायमिंग रोज खाली येत नसतं, हे तू घरात भिंतीवर लिहून ठेव, कारण तू प्रत्येक मीटनंतर चेहरा पाडून बसतोस.

लांब कशाला, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे बघ की. त्याचा इव्हेंट पण तसाच, एकाच रायफलनं तीन पोझिशन, आधी नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, मग प्रोन म्हणजे पालथं पडून, शेवटी स्टँडिंग. पॅरिसच्या फायनलमध्ये पहिल्या दोन पोझिशन झाल्या तेव्हा तो मेडलच्या जागेवर नव्हता, उभं राहून मारायची वेळ आली तेव्हा वर सरकला आणि ब्रॉंझ घेऊन आला. तुझ्या फ्रीमध्ये ती ताकद आहे, रविवारीसुद्धा शेवटच्या शंभरात तू एकाला परत गाठलंस, ते तुझ्या लक्षात तरी आहे का?

टर्नबद्दल थोडं. बॅकमधून ब्रेस्टला जाताना पाठीवर असतानाच भिंतीला हात लागला पाहिजे, तू थकलास की आधीच खांदा वळवतोस, रविवारी रेफरीनं पकडलं नाही हे नशीब. मी तुझ्याच वयाचा असताना स्टेटला फ्लायच्या शेवटच्या भिंतीला दोन्ही हातांऐवजी एका हाताचा टच दिला, डीक्यू, म्हणजे रेसमधूनच बाद, आणि मी बाकीचे तीनशे मीटर जीव तोडून पोहलो ते कागदावर कुठंच आलं नाही. घरी यायच्या एसटीत कोल्हापूर येईपर्यंत कुणाशी बोललो नव्हतो. म्हणून तुझ्या टचवर मी एवढा ओरडतो, बाकी काही नाही.

सध्या एवढंच करू. पुढचे सहा आठवडे फ्लायचं टायमिंग मी घेणारच नाही, आयएमच्या सेटमध्ये पहिले शंभर तू तुझ्या बेस्टपेक्षा निदान तीन सेकंद स्लो यायचं, मुद्दाम, जड जाईल तुला. रोज वीस मिनिटं नुसती ब्रेस्टची किक, हात मागं मांडीला लावून, नजर खाली तळाच्या काळ्या पट्टीवर. बॅकला, भिंतीच्या आधी टँकवर आडवे टांगलेले असतात त्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत तुझे स्ट्रोक किती होतात ते मोजून मला सांगायचं, उघड्या टँकमध्ये वर नुसतं आभाळ असतं, तिथं तो आकडाच कामाला येतो.

सहा आठवड्यांनी एकदा पूर्ण चारशे घेऊ, आपण दोघंच, ना गॅलरी ना दोस्त. त्यानंतरपण आयएम नको वाटला तर फॉर्मवर फक्त फ्लाय लिही, मी सही करतो, एक शब्द बोलणार नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला टँकवर ये. आईला सांग आठपर्यंत घरी येशील, आणि येताना केळी खाऊन ये, उपाशी येऊ नकोस.

तुझा,
सर